चौथा वळसा

बंदराचं पाणी पुन्हा निर्मळ झालं, म्हणून शहराने बारा किलोमीटर पोहण्याची शर्यत ठेवली. पाण्यावर तरंगणाऱ्या चार बोयांना वळसा घालून धक्क्यावर परतायचं होतं. शिवणक्लास चालवणारी पन्नाशीची बाई त्यात उतरली आणि वाट दाखवायला शेजारच्या नावेत तिचा सख्खा थोरला भाऊ बसला. पोहताना तिला लाटांपलीकडचं दिसत नसे. दादाची नाव जिकडे, तिकडे ती डोळे झाकून जायची.

पाच तासांनी ती धक्क्यावर चढली. "चारही वळसे पुरे," दादाने पंचांना सांगितलं. नावेतल्या माणसाचा शब्द प्रमाण होता, त्यामुळे लगेच तिच्या गळ्यात पदक पडलं.

गर्दी पांगल्यावर ती हळूच म्हणाली, "दादा, आज बोयांच्या साखळ्या थेट तळापर्यंत दिसत होत्या. मी तीनच मोजल्या."

दादाने तिच्या खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "तुझे हात जड झाले होते गं. मला बघवेना."

"हात माझे होते ना? मग थांबायचं की नाही, ते मी ठरवलं असतं."

तिने पदक पंचांच्या टेबलावर ठेवलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. परत येताना मात्र तिला घरच्या भिंतीवरची, दादाच्याच नावेमागे खाडीतल्या शर्यतींत मिळवलेली तीन पदकं आठवली.

"दादा, ती खाडी तर नुसती गढूळ होती. तिथे काहीच दिसायचं नाही. तिथेसुद्धा…?"

"तिथे तर तू फारच दमायचीस गं," दादा मायेने म्हणाला.