महत्त्व नऊ

“चारशे बारा जणांनी राजीखुशीनं हो म्हटलं, असं तुम्ही वर कळवलंत. धडधडीत खोटं आहे हे! माझ्या आईच्या मनगटावर ‘नाही’ आलंच नव्हतं.”

साहेबांनी चिमीसाठी खुर्ची ओढली. ती बसली नाही.

प्रश्न एका ओळीचा होता. गोदाम सहा तासांवरच्या शहरात हलतंय, तुम्ही याल का? नाही म्हणणाऱ्याला इथल्याच कचेरीत काम मिळणार होतं. आईला इथंच राहायचं होतं. घरी मावशी होती, आणि मावशीला आईच्याच हातून घास जायचा.

तो प्रश्न भिंतीवरच्या पडद्यावर, फोनवर आणि माल लावणाऱ्यांच्या मनगटावरच्या पट्ट्यावर जायचा होता. लिहिला होता चिमीनंच, स्वतः रचलेल्या भाषेत. त्या भाषेत रंग नव्हता, आकार नव्हता, बटणही नव्हतं. काय विचारायचं आणि कशाला किती महत्त्व, एवढंच सांगायचं: एक म्हणजे सगळ्यात वर, नऊ म्हणजे सगळ्यात खाली. मांडणी पडद्यानं, फोननं, पट्ट्यानं आपापल्या जागेप्रमाणं करायची. जागा अपुरी पडली की कमी महत्त्वाचं गळून जायचं.

चाचणीची ती दुपार तिच्या डोळ्यांपुढे अजून तरंगायची. टेबलावर ऊन सांडलेलं. प्रश्न भिंतीवरून फोनवर उतरला, फोनवरून पट्ट्यावर, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. दरवेळी थोडा लहान, थोडा हलका. मनगटावर पोचला तेव्हा थेंबाएवढा, नितळ. आपण पाण्यालाच लिहायला शिकवलं, असं तिला वाटलं. ती बघत राहिली. वाचलं मात्र नाही.

साहेबांनी टेबलावरचा पडदा तिच्याकडे वळवला.

“नकाराचा आकडा मी कोरा सोडला होता, मॅडम. तुम्हाला योग्य वाटेल तो भरा म्हटलं होतं.”

होकार, महत्त्व एक. नकार, महत्त्व नऊ. शेजारी तिचीच टीप: पट्ट्यावर पसारा नको.

“तुम्ही हे पाहिलं होतंत?”

“पाहिलं. माझ्या सोयीचं होतं, गप्प बसलो.”

“मग परत विचारा सगळ्यांना!”

“यादी मंजूर झाली. सोमवारी गाड्या निघतात.”

बाहेर बाकावर आई बसली होती, अंगठ्यानं पट्ट्याची काच चोळत.

“काय गं चिमे, चांगलं झाडलंस ना त्या साहेबाला? मी किती वर-खाली केलं बाई. म्हटलं, असेल ‘नाही’ कुठंतरी खाली. मागून मुकादम खेकसला, आवरा. मग जे होतं ते दाबलं.”

चिमी तिच्या शेजारी टेकली. आईनं तिचा पडलेला चेहरा पाहिला आणि तिचा हात हातात घेतला.

“कुणी काढलं म्हणाला ते ‘नाही’? नाव सांग मला त्याचं.”