बोटभर उघडी फळी

पट्टे आवळता आवळता विजयमालाबाईंना जांभई आली. सकाळी सहापासून त्या मैदानावर होत्या. ग्लायडरच्या मागच्या खुर्चीत बसून शिकाऊंच्या चुका झेलायच्या, उतरलं की दोर जोडायचा, मधेच धावपट्टीवर पतंग उडवायला आलेल्या टोळक्याशी भांडायचं. डबा तसाच राहिला होता. आता कुठे पुढची खुर्ची मिळाली, आणि ऊन पार कलंडलं होतं.

क्लबाचा नियम असा, की शिकवणाऱ्यानं तीन महिन्यांत एकदा तरी एकट्यानं उडायचं. शिकाऊच्या मागे बसलेलं त्यात धरत नाहीत. मुदत चुकली की शिकवणं बंद. बाहेरून परीक्षक येऊन पुन्हा पास करेल तेव्हा सुरू. मागे एकदा असं झालं तेव्हा परीक्षकसाहेबांना सवड मिळायला आठ महिने लागले होते आणि तेवढ्यात निम्मे सभासद पळाले होते. बाई सोडून या क्लबात शिकवणारं दुसरं होतं कोण? सगळेच हौशी, रविवारपुरते. त्यात रीत अशी, की मैदान सांभाळेल त्यानं सगळ्यांच्या शेवटी उडायचं. दर रविवारी सांभाळायला बाईच, आणि बाईंचा नंबर येईपर्यंत अंधार पडलेला. असे बारा रविवार गेले. मुदत उद्या, सोमवारी संपत होती, आणि सोमवारी दोर ओढायलाही कुणी नसायचं.

"चला, आटपा," त्या स्वतःलाच म्हणाल्या आणि तपासणी मोठ्यानं म्हणायला लागल्या. "पट्टे, आवळलेले. दांडी, मोकळी. ब्रेक, बंद. काच, बंद."

डाव्या पंखाच्या टोकाशी वैष्णवी उभी होती. मार्केट यार्डात वडिलांचा कांद्याचा गाळा सांभाळणारी ही मुलगी वर्षभर एकही रविवार चुकली नव्हती. पुढच्या रविवारी बाई तिला पहिल्यांदा एकटी सोडणार होत्या. आता तिनं पंख उचलून सपाट धरला, की मैदानाच्या त्या टोकाला संपत इंजिन चालवून दोर ओढणार. वैष्णवीनं पंखाला हात घातला आणि तशीच राहिली.

"थांबा!"

गाळ्यावर हाळी घालायची सवय असलेला आवाज. धावपट्टीच्या कडेला उभा असलेला शिकाऊ वैजनाथसुद्धा दचकला. बाईंनी चटकन दोर सोडला आणि काच उघडली.

"काय झालं गं?"

"मॅडम, ब्रेक." वैष्णवीनं पंखाकडे बोट दाखवलं. पंखावरची ब्रेकची फळी बोटभर वर आली होती. अशी उघडी राहिली तर हवा तिला ओढून पूर्ण उघडते आणि ग्लायडर दगडासारखं खाली येतं.

बाईंनी ब्रेकच्या दांड्याकडे पाहिलं. तोंडानं त्या "बंद" म्हणाल्या होत्या. हात मात्र मांडीवरच पडून होता. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आधी त्यांना राग आला, तोही वैष्णवीचा. मग इतकी लाज वाटली, की कान तापले.

वैजनाथ पळत आला. हिंजवडीत नोकरी, आणि घाई पाचवीला पुजलेली. "अहो मॅडम, दांडा पुढे ढकला आणि निघा! दहा मिनिटं उजेड आहे अजून."

"तपासणीत चुकला तो त्या दिवशी उडत नाही."

"नियम तुम्हीच केलाय ना? मग एक दिवस तुम्हीच मोडा. कोण बघतंय इथं?"

"गेल्या महिन्यात तुम्हाला पट्ट्यावरून घरी पाठवलं, तेव्हा कोण बघत होतं?"

"तुम्ही."

"आज ही बघतीये."

वैष्णवीचे डोळे भरून आले होते. "मॅडम, सॉरी. मला माहितीये उद्या काय आहे ते. आता माझं पण... पुढच्या रविवारचं पण गेलं. पण मला पंख उचलवेचना."

"सॉरी काय त्यात? मेले असते मी." बाईंनी पट्टे सोडले. उतरताना गुडघा कुरकुरला, म्हणून वैष्णवीच्या खांद्याचा आधार घेतला आणि तो लगेच सोडला नाही. फार दमल्या होत्या त्या. आता परीक्षकांना पत्र, मग आठवणीचं पत्र, मग सभासदांचे फोन, "मॅडम, कधी सुरू होणार?" सगळं पुन्हा पहिल्यापासून. नुसत्या विचारानंच त्यांना खाली बसावंसं वाटलं.

वॉकीटॉकी खरखरला. पलीकडे संपत होता. गावाची शेतं गेली, त्यावर सोसायट्या उभ्या राहिल्या, हा मात्र दर रविवारी इंजिनाशी हजर.

"ताई, वढू का? उजेड चाललाय."

"नको. इंजिन बंद कर. तपासणीत नापास झाले मी."

"तुमी? कुनी केलं नापास?"

"वैष्णवीनं."

"मंग शिकवनारं मानूस घावलं की क्लबाला."

"काहीतरीच काय, संपत! अजून एकटी उडालेली नाहीये ती."

"उडंल की, ताई," संपत म्हणाला. "थांबवायला तर शिकली."