तिल्लीवाल्याची तिल्ली

“तिल्ली कधी दगा देत नाही!” अशी फुशारकी मारत अल्लाल मोरोक्कोतल्या फेझच्या बाजारात उंटाची मसाला भरलेली तिल्ली, म्हणजे प्लीहा, विकायचा. एकदा ओरडता ओरडताच हिरड्यांतून रक्त आलं, ते थांबेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बा अल्लाल, रक्तातल्या प्लेटलेट्स जखम बुजवतात, जंतूही पकडतात. तुमच्या शरीराने त्यांनाच शत्रू ठरवलंय आणि तुमची तिल्ली त्यांना गिळतेय.” “माझी तिल्ली? जन्मभर जिची जाहिरात केली, तीच घरभेदी निघाली?” औषधं हरली, तिल्ली काढावी लागली. “कुणाला सांगू नकोस,” त्याने बायकोला बजावलं. तिने फक्त समोरच्या गाडीवर गरम सूप पाजणाऱ्या हमिदूला सांगितलं. अल्लाल गाडीवर परतला, तर पहिलं गिऱ्हाईक परातीकडे बघत म्हणालं, “बा, यातली तुमची कोणती?” “सगळ्या उंटाच्या आहेत!” अल्लाल किंचाळला. रांग हमिदूकडे लागली. संध्याकाळी अल्लालने सगळा माल मांजरांना टाकला. मांजरंही हुंगून हमिदूकडे गेली.