अर्धा गिलास

"काल पुन्हा आली होती माय," रीता ओसरीवर टेकत म्हणाली, आणि रुख्माच्या हातातलं सूप थांबलं.

"काय म्हणे?"

"काही नाही वो बाई. आली, चुलीपाशी बसली, पानी मागतलं. दोन गिलास पेली. तुया घरचं पानी गोड आहे म्हणे, अन् गेली."

रुख्माने तांदूळ जरा जोरातच पाखडले. दोन्ही घरचं पाणी एकाच विहिरीचं. मग ते धाकट्या जावेकडेच गोड कसं लागलं?

सासू, धुरपताबाई, मागच्या उन्हाळ्यात गेली. जाण्याआधी तीन वर्षं ती अंथरुणाला खिळलेली होती, आणि ते अंथरूण रुख्माच्या घरात होतं. न्हाऊ घालणं, पेज भरवणं, डोक्याला तेल लावणं, सगळं रुख्माने केलं. दिवेलागणीला म्हातारीजवळचा पाण्याचा गडवाही तीच उचलून ठेवायची, रात्री लवंडू नये म्हणून. नवेगाव बांधच्या बाजारातसुद्धा बाया म्हणायच्या, "तीन वर्स म्हातारी खाटेवर, पन चादर कधी वली नाही दिसली. सून असावं तं अशी!" ते ऐकून रुख्माचा ऊर भरून यायचा.

रीता तेव्हा काय करायची? सणावाराला वाटीभर खीर घेऊन यायची, घटकाभर पाय चेपायची आणि पदर झटकून निघून जायची. आणि आता म्हातारी स्वप्नात जाते ती तिच्याकडे! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. रुख्माचा नुसता जळफळाट व्हायचा.

जळफळाटाला कारणही तसंच होतं. या घराण्याची रीत अशी, की मेलेलं माणूस ज्याच्या स्वप्नात येईल, त्याच्या घरी त्याचं पहिलं पित्तर घालायचं. कोणाच्या हातचं खायचं ते त्यानेच सांगितलं, असं समजायचं. पित्तर तोंडावर आलं होतं. रुख्माचा नवरा श्यामलाल सरळ म्हणाला, "माय तिकडेच जाऊन राहिली, तं आपन काय कराव? पित्तर लहान्या गोवर्धनच्या घरी होऊ दे."

"अन् मी का मेली होती? तिचं सारं मी केलं!"

"केलं ना. नाही कोन म्हनते? पन तुले सपनच पडत नाही."

ते मात्र खरं होतं. रुख्मा पडली की झोपायची आणि डोळे उघडले की सकाळ झालेली असायची. हाती काही उरायचं नाही. घसा तेवढा कोरडा पडलेला असायचा.

गोंदियाला कॉलेजात शिकणारी तिची टीना सुट्टीत घरी आली होती. ती म्हणाली, "आई, सपन साऱ्याइलेच पडते. तुले आठवत नाही, बस." मग तिने मोबाइलमध्ये पाहून युक्ती सांगितली. निजताना गिलासभर पाणी घ्यायचं. मला स्वप्न आठवेल असं मनाशी म्हणत अर्धं प्यायचं आणि अर्धं उशाशी ठेवायचं. सकाळी जाग आली की हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, कोणाशी बोलायचं नाही. मग उरलेलं अर्धं प्यायचं. त्या पाण्याबरोबर स्वप्न परत येतं म्हणे.

"पान्याबरोबर सपन? हे कोनतं शास्त्र वो?" श्यामलाल हसला.

रुख्मा हसली नाही. त्याच दिवशी तिने उशाशी गिलास ठेवला.

सुरुवातीला श्यामलालच्या खोकल्याने सगळं पुसून जायचं. तिने त्याची खाट अंगणात काढली. मग एका सकाळी हिरवा काठ दिसला. म्हातारीच्या लुगड्याचा! रुख्मा तशीच उठून, तोंडही न धुता, रीताच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आली होती माय. माया उशाशी उभी होती."

रीताचा चेहरा उजळला. "सोन्यावानी झालं वो बाई! काय म्हणे?"

"बोलली खूप. पन आठवून नाही राहिलं."

रीता खरंच खूश दिसत होती, आणि रुख्माला तेही खपलं नाही. तिला हिचं तोंड पडलेलं पाहायचं होतं.

श्यामलालने निकाल दिला, "काय बोलली ते सांग. मंग पित्तर आपल्याच घरी." गोवर्धननेही मान डोलावली. मोठ्या वहिनीने केलंय, तिचा मान तिला मिळावा, असं त्यालाही वाटत होतं.

पित्तराच्या दिवशी सकाळीच धाकटं घर ओसरीवर येऊन बसलं. रीताने वड्यांसाठी भिजवलेली उडदाची डाळसुद्धा उचलून आणली होती, इकडे ठरलं तर इकडेच वाटायला. आत रुख्माला जाग आली. ती हलली नाही. डोळे मिटलेलेच ठेवून तिने हात लांबवला, गिलास चाचपला आणि ओठांना लावला.

पहिल्याच घोटाला स्वप्न आलं, अगदी सबंध. आणि आजचंच नव्हे, रोजचं. म्हातारी गेल्यापासून एकही रात्र न चुकलेलं.

"रुख्मा, आली होती का माय?" श्यामलालने दारातून विचारलं. "काय म्हणे?"

रुख्माने गिलास ओठांपासून खाली घेतला. हिरव्या काठाचं लुगडं नेसलेली धुरपताबाई उशाशी उभी होती, तिचे डोळे त्या अर्ध्या गिलासावर होते, आणि ती हात जोडून म्हणत होती, "रुख्मा, एक घोट देजो वो. आज चादर वली नाही करत."