भांडंभर पाणी

चंद्रावरच्या त्या नव्या देशात नागरिकत्वाचं शुल्क पाण्यात भरावं लागे. आरोसकर नवराबायकोने ते रोजच्या रेशनमधून कित्येक वर्षं साठवलं होतं. मुकुंदने दाढी वाढवली, रेवतीने आंघोळीचं ओल्या फडक्यावर भागवलं, आणि चहा दोघांत एकच कप. अखेर टाकी काठोकाठ भरली आणि आज ती मोजायला अधिकारी घरी आला. तो चंद्रावरच जन्मला, वाढला होता.

"या, बसा," म्हणत रेवती आत गेली आणि भांडंभर पाणी घेऊन आली.

तो गोंधळला. "याच्या बदल्यात काय द्यायचं?"

"इश्श, पाण्याच्या बदल्यात कोण काय देतं? दमून आलात, घ्या."

त्याने एक घोट घेतला. मग डोळे मिटून सगळं संपवलं.

मुकुंदची नजर टाकीकडे गेली. "अगं, कुठलं दिलंस?"

रेवतीचा चेहरा खाडकन उतरला. आजचं रेशन सकाळीच संपलं होतं; पाहुणा बघून हात आपोआप टाकीच्या नळाकडे गेला होता. घोटभर जरी कमी भरलं तरी अर्ज बाद, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

अधिकाऱ्याने टाकीचा काटा पाहिला, मग हातातलं रिकामं भांडं.

"मी सरकारी माणूस," तो म्हणाला. "मला दिलंत, म्हणजे तेवढं सरकारजमा झालंच की." आणि त्याने शिक्का मारला.

दारापर्यंत जाऊन तो घुटमळला. "उद्या सुट्टी आहे मला. सहज आलो तर चालेल? पाणी माझं मी आणीन. द्यायचं मात्र तुम्ही."