काचेच्या बशीतली सुलभा

सुलभाच्या लहान आतड्यातला कर्करोग इतका दुर्मीळ होता, की त्यावर औषधच नव्हतं. ती गेली, पण तिच्या गाठीच्या पेशी पुण्याच्या प्रयोगशाळेने सहा वर्षं जिवंत ठेवल्या होत्या. दर वर्षी तिच्या श्राद्धानंतर तिचे यजमान, दत्ताराम मयेकर, मालवणहून येऊन सूक्ष्मदर्शकातून त्या पेशी बघून जात.

या वर्षी प्रयोगशाळेतल्या डॉक्टर नफिसांनी त्यांना आधी खुर्चीवर बसवलं.

“काका, चिपळूणच्या एका शिक्षिकेला हाच आजार निघालाय. तिच्यासाठी बनवलेलं औषध आधी या पेशींवर तपासायला हवं. पण आता त्या वाढत नाहीत, एवढी एकच बशी उरलीय. औषध लागू पडलं, तर काहीच शिल्लक राहणार नाही.”

ज्या रोगाने सुलभाला नेलं, तोच तेवढा आता तिचा जिवंत अंश होता. दर वेळी दत्ताराम त्याला शिव्या घालायला म्हणून यायचे आणि तासभर नुसते बघत बसायचे.

“त्या बाईंना मुलं?”

“एक मुलगी. चार वर्षांची.”

त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली. “औषध घालाल तेव्हा मी इथेच थांबेन,” ते म्हणाले.

तीन दिवस ते थांबले. एकेक पेशी आक्रसून फुटत गेली. चौथ्या दिवशी सकाळी एकही जिवंत नव्हती.

“काका, लागू पडलं!” नफिसा ओरडल्या आणि लगेच ओशाळल्या.

“मग थांबलीस कशाला, पोरी? चिपळूणला फोन लाव,” दत्ताराम म्हणाले. मग बाहेरच्या बाकावर बसून, सहा वर्षांपूर्वी जे रडायचं राहून गेलं होतं, ते रडले.