आगपेटी

पाणी भरून, शेण काढून झालं की भागीरथा चुलीसाठी विस्तव मागायला शेजारच्या आनंदाबाईकडे जायची, ती लवकर परतायचीच नाही. इकडे चार लेकरं भाकरीसाठी घर डोक्यावर घ्यायची.

शेवटी तिच्या नवऱ्याने, नत्थूने, देवळीच्या बाजारातून आगपेटी आणली. "आता कायले जातं लोकाच्या दारी?"

दुसऱ्या दिवशी गोवरीचा तुकडा घेऊन भागीरथा पुन्हा आनंदाबाईच्या दारात हजर.

"आज मायीच चूल थंडी हाय वं," आनंदाबाई म्हणाली. "इस्तो कुठून देऊ तुले?"



भागीरथाने कमरेची नवीकोरी आगपेटी काढली, आनंदाबाईची चूल पेटवली आणि पाय पसरून बसली. "होऊ दे निखारे, बाई. मले काई घाई नाई."